उजवीकडची जागा

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही ताईने दिली. "काडेपेटी, राग आला की यात लिहीत जा. दारांच्या बिजागऱ्या तरी वाचतील," म्हणाली. काडेपेटी म्हणजे मी. घरात मला खऱ्या नावाने फक्त ताप आला असताना हाक मारतात.

तर लिहितो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सोडलं. प्रात्यक्षिकाच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "ही रीडिंगं घेतलीस की शेजाऱ्याची बघून लिहिलीस?" मी म्हटलं, "तुम्हीच येऊन बघा ना काट्यावर." ते हसले. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो तो पडलोच. रीडिंगं माझी होती. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चष्म्याची काच पुसत होते. पुसतच राहिले.

आता महिना झाला, मी एका प्रयोगशाळेत मोजणीला लागलो आहे. पेशीच्या आवरणाचं एक वेड आहे. बाहेरचं काही आत घ्यायचं असलं की ती दार वगैरे उघडत नाही, आपलं आवरणच आत ओढते, त्याची पिशवी करते, पिशवीचं तोंड आवळते आणि पिशवी तोडून आत सोडून देते. पुस्तकात हिला पुटिका म्हणतात. पेशी नेमक्या त्या कामात असताना मारून, राळेत घट्ट करून, त्यांचे पापुद्र्याहूनही पातळ काप काढतात, आणि मोठ्या मायक्रोस्कोपखाली त्यांचे काळे-पांढरे फोटो घेतात. ते फोटो माझ्याकडे येतात. आवरणाच्या रेषेवरून मी मुंगीसारखा चालत जातो आणि दिसेल त्याला नाव देतो. नुसता दबलेला भाग असेल तर खळी. खोल असेल तर वाटी. पोटापेक्षा तोंड अरुंद झालं की गडू. आणि सुटून आत पडला की थेंब. ही नावं माझी आहेत. तिला इतकी आवडली की आता सगळे तीच वापरतात.

ती म्हणजे ती. तिचंच हे संशोधन. एक विशिष्ट प्रोटीन काढून टाकलं तर गडूचं तोंड आवळलं जात नाही, गडू तिथेच अडकून राहतात, असा तिचा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे माझ्या मोजणीवरून ठरणार. प्रयोगशाळेत माझ्या वयाचे सगळे तिला ताई म्हणतात. मी मेलो तरी म्हणणार नाही. महिनाभर मी तिला काहीही न म्हणता बोलतोय. "ऐकलं का" सुद्धा म्हणता येत नाही, ते फारच पुढचं वाटतं. म्हणून जवळ जाऊन खोकतो. काल तिने मला खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

१२ फेब्रुवारी

लांबूशी माझं पटणार नाही. तिच्या बरोबरीचा संशोधक, ताडाएवढा उंच, सदैव पेंगुळलेला. शर्टाच्या खांद्यावर रोज एक पांढरा डाग. माणसाने आंघोळ करावी, निदान शर्ट तरी बदलावा. आज दोघं मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर हळू आवाजात बोलत होती. मी आलो तशी गप्प. मग तिने पर्समधून काहीतरी मऊ, पिवळं, लोकरीचं काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते नाकाला लावून हुंगलं! माझ्यासमोर!

दुपारी तिने मला डब्यातलं अर्धं दिलं. "खा रे, नुसत्या चहावर किती दिवस काढशील?" मला घास गिळवेना. तिला वाटलं मला भाजी आवडली नाही.

२० फेब्रुवारी

आज जे कळलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

मोजणाऱ्याला फोटो कुठल्या पेशीचा ते कळू द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. आमच्या मुख्य बाई स्वतः प्रत्येक फोटोचं नाव पुसून त्याला आकडा देतात आणि सगळे पिसून माझ्याकडे पाठवतात. कुठला आकडा कुणाचा, ते कपाटात कुलपात. "तुझ्यावर अविश्वास नाही हं," पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "डोळ्यावर आहे. माझ्याही."

पण मला आज कळलं की मी ओळखू शकतो. कुठले फोटो तिने काढलेत ते.

मायक्रोस्कोपची वेळ वाटून घेतलेली असते. सकाळी ती, दुपारी लांबू. दिवस वाचावेत म्हणून प्रोटीन काढलेल्या पेशींचे फोटो ती काढते, साध्या पेशींचे लांबू. लांबूच्या फोटोत पेशी चौकटीच्या बरोब्बर मधोमध, ओळखपत्राच्या फोटोतल्या डोक्यासारखी. तिच्या फोटोत पेशी किंचित डावीकडे सरकलेली असते. उजवीकडे थोडी जागा मोकळी. बाकावर बसताना आपण एका कडेला सरकतो ना, आणखी कुणी येणार असलं की, अगदी तशी.

मी मागचे सगळे फोटो काढून पाहिले. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य आहे. आकडे टाकून काय लपतंय? अक्षर ओळखावं तसे मी तिचे फोटो ओळखतो.

याने मोजणीत काही फरक पडत नाही. मी जे आहे तेच मोजतो.

२१ फेब्रुवारी

कुणासाठी ठेवत असेल?

१ मार्च, रविवार

दिवसभर बाबांच्या चष्म्याच्या दुकानात. ताईला बाहेर जायचं होतं म्हणून गल्ल्यावर मी.

एक गाडी चालवणारा आला होता, परवान्यासाठी डोळे तपासून हवे होते. मोठा आवाज, मोठी मिशी. बाबांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला, तर गड्याने शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड म्हटली. बाबा उठले, तक्ता काढला, मागचा दुसरा लावला. तिसऱ्या ओळीलाच गाडी अडली. तरी तो थांबेना, मनची अक्षरं वाचतच राहिला. मला इतकं हसू आलं की मी काउंटरखाली वाकून पिशव्या शोधल्याचं नाटक केलं. मग तो भडकला. "मला स्वच्छ दिसतंय! तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

बाबांनी त्याला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं, हळूहळू एकेक काच बदलत नंबर काढला. जाताना तो बराच नरम होता.

मी म्हटलं, "काय खोटारडा माणूस!"

"खोटारडा कशाला?" बाबा म्हणाले. "बाहेर बाकावर बसून दोनदा ऐकला असेल तक्ता. एकदा पाठ झालं की माणसाला ते दिसायलाच लागतं. त्याला खरंच दिसत होतं."

बाबा सगळ्यांचीच बाजू घेतात. माझी सोडून.

१० मार्च

आज बाईंनी कुलूप उघडलं आणि आकडे जुळवले.

तिचा अंदाज खरा ठरला! प्रोटीन काढलेल्या पेशींमध्ये अडकलेले गडू साध्या पेशींच्या जवळजवळ दुप्पट. पडद्यावर दोन खांब उभे राहिले, एक बुटका आणि एक उंच, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग वळून सगळ्यांसमोर माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "तुझ्या डोळ्यांमुळे रे! अजून कुणी इतकं नीट मोजलं नसतं."

पाठीवर ती जागा अजून गरम आहे. हे अक्षर वाकडं येतंय कारण मी हसतोय.

नंतर बाई म्हणाल्या, "आता लिहायला घे. त्या जागेसाठी महिनाअखेरीला सादर करायचंय ना?"

मी विचारलं, कुठली जागा. लांबूने सांगितलं. दुसऱ्या शहरात, खूप लांब, मोठ्या संस्थेत तिला बोलावलंय. हा निकाल दाखवला की पक्कं. दोन वर्षं ती याचीच वाट पाहतेय. जूनमध्ये जाईल.

म्हणजे मी मोजून मोजून तिला इथून जायची वाट करून दिली. घरी येऊन दार आपटलं. बिजागरी निघाली. आईने स्क्रू आणून दिले.

१७ मार्च

आज मी बाईंना बोललो. मोठ्याने बोललो.

त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्यांची एक जुनी सवय आहे म्हणे. मोजणाऱ्याला न सांगता काही फोटो दुसऱ्यांदा द्यायचे, आरशात धरल्यासारखे उलटवून, नवीन आकडे टाकून. तोच माणूस तोच फोटो दोनदा सारखा मोजतो का, हे बघायला. मलाही दिले होते. गेल्या आठवड्यात मी ते मोजलेही, मला कळलंसुद्धा नाही.

"बरेचसे जुळतात," बाई म्हणाल्या. "पण काही फोटोंत पहिल्यांदा तू गडू म्हणालास आणि दुसऱ्यांदा त्यालाच वाटी. थकला होतास का? तेवढे परत मोज, शांतपणे. सरासरी काढून टाकू."

फार प्रेमाने म्हणाल्या. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी डोळ्यांत तेल घालून मोजलंय. म्हटलं, दुसऱ्यांदा दिलेल्या फोटोत कुणीतरी काहीतरी केलं असेल, लांबूला विचारा. बाई म्हणाल्या, "अरे, तुला कोण दोष देतंय?" तर मी म्हटलं, "मला स्वच्छ दिसतंय! तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

आणि दार. त्यांचंसुद्धा.

बाहेर ती उभी होती. माझी बाटली राहिली होती ती माझ्या हातात दिली.

१८ मार्च

गेलो नाही. उशीत तोंड खुपसून पडून होतो. ताई आली, बराच वेळ पायथ्याशी बसली.

"परत कॉलेजसारखं झालं का रे?"

"नाही. तेव्हा माझी चूक नव्हती."

"आणि आत्ता?"

मी सांगायला तोंड उघडलं, की आत्ताही नाही. आणि मला कालचं माझंच वाक्य ऐकू आलं. शब्द न् शब्द. मिशीवाल्याच्या आवाजात.

मी उठून बसलो. ताई म्हणाली, "काय झालं? पांढराफटक पडलास."

मोजणीचे फोटो घरच्या संगणकावर दिसतात. काढले. दुसऱ्यांदा दिलेले, उलटवलेले. त्यांत मोकळी जागा डावीकडे आली होती. म्हणून मला ते तिचे वाटलेच नाहीत. आणि ज्या गडूंच्या मी वाट्या केल्या होत्या ते सगळे याच फोटोंतले. सगळे काठावरचे. तोंड पोटापेक्षा अरुंद आहे की नाही, केसाचा फरक. उजवीकडे जागा असली की मी म्हणालो होतो, आहे अरुंद. जागा नसली की म्हणालो, नाही.

मी एकदाही खोटं मोजलं नाही. मला दर वेळी तसंच दिसत होतं. तिला हवं होतं ते मला दिसत होतं.

"बाबा दुकानात आहेत?" मी ताईला विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. गेलो नाहीच.

१९ मार्च

सांगायलाच हवं. पण कुणाला काय सांगू?

बाईंना वाटतंय मी थकलो होतो. ते मोजके फोटो परत मोजले की प्रकरण संपतं. उंच खांब जरासा बुटका होईल, ती जागा मिळवून जूनमध्ये जाईल, आणि मला जन्मभर वाटत राहील की त्या खांबात किती ती आहे आणि किती मी.

सांगितलं तर सगळं परत. फोटोसुद्धा, कारण माझ्याऐवजी उद्या दुसऱ्या कुणालाही ते ओळखता येतील. महिनाअखेरीला दाखवायला तिच्याकडे काही राहणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

आणि ती इथेच राहील.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. खरं बोलायची ही तळमळ नेमकी ती जाणार हे कळल्यावर कशी आली? मी तिचं खरं करायला निघालोय की तिचा पाय ओढायला? कालपासून स्वतःला विचारतोय. आधी डोळ्यांचा भरवसा होता, आता मनाचाही नाही. कुणी माझंही नाव पुसून, आकडा टाकून मला मोजायला दिलं तर बरं होईल.

२३ मार्च

सांगितलं.

सकाळी मायक्रोस्कोपच्या खोलीत ती एकटी होती. तिथे जाड काळा पडदा असतो, आत फक्त यंत्राचा हिरवट उजेड. चेहरा दिसणार नाही म्हणून मी तीच जागा निवडली. आत जाऊन खोकलो.

"गोळ्या संपल्या का?" ती न वळता म्हणाली.

"मोजणी चुकली आहे. थकल्यामुळे नाही. तुम्ही काढलेले फोटो मला ओळखू येतात."

ती वळली. "म्हणजे?"

"आकडे असले तरी. कुठले तुमचे, कुठले त्याचे, ते मला कळतं. आणि तुमच्या फोटोंत काठावरचं सगळं मी गडूत घातलंय. मुद्दाम नाही. पण घातलंय."

ती फार हळू म्हणाली, "कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि आज सांगतोयस! अरे, पुढच्या सोमवारी माझं सादरीकरण आहे! दोन वर्षं... दोन वर्षं मी घरी नीट गेले नाहीये, तुला कळतंय का?" तिने हातमोजे काढून टेबलावर फेकले. एक खाली पडला. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे!" इतका राग मी फक्त माझा पाहिला होता. समोरून कसा दिसतो ते आज पाहिलं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "कशावरून ओळखायचास? ते कळायला हवं. नाहीतर परत तेच होईल."

याची तयारी मी केलीच नव्हती. पण आता न सांगून चालणार नव्हतं, कारण तेच तर मुख्य होतं.

"तुम्ही पेशी डावीकडे घेता. उजवीकडे जागा सोडता. दर वेळी." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "मला वाटायचं, कुणासाठी तरी ठेवताय."

ती बघत राहिली. मला वाटलं हसेल. हसली असती तर मी परत कधी त्या इमारतीत पाऊल ठेवलं नसतं. ती हसली नाही.

"इकडे ये," म्हणाली. यंत्रातला नमुना बाजूला केला आणि रिकामा पडदा दाखवला. उजव्या बाजूला, मधल्या उंचीवर, एक लहानसा करडा ठिपका. "कॅमेऱ्यावर जळाल्याचा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी केला. संगणक तो पुसतो, तिथे आजूबाजूचं बघून अंदाजाने रंग भरतो. म्हणून बाकीचे लक्ष देत नाहीत. मला तो अंदाज पेशीवर नको असतो. म्हणून मी पेशी बाजूला घेते." मग थांबून, "डाग आहे रे तिथे. दुसरं काही नाही."

"हो," मी म्हटलं.

"जा आता. बाईंना मी सांगते. नको, तूच सांग. मी येते बरोबर."

३१ मार्च

तिने सादरीकरणात निकाल दाखवलाच नाही. उभी राहिली आणि म्हणाली, मोजणीत दोष सापडला आहे, काम पुन्हा करावं लागेल. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बाईंनी त्या संस्थेला चिठ्ठी पाठवली आहे, पुढची निवड पावसाळ्यानंतर आहे म्हणे.

ती माझ्याशी कामापुरतं बोलते. डबा लांबूबरोबर खाते.

आज लांबू माझ्या शेजारी येऊन बसला. मी म्हटलं आता हा घेतोय सूड, मी याचं नाव घेतलं होतं बाईंसमोर. त्याने खिशातून फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. लाल चेहऱ्याचं एक इवलं बाळ, डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी. "अडीच महिन्यांची झाली. आपल्या ताईने विणलीय टोपी. रात्रभर खांद्यावर घेऊन फिरवावं लागतं, आणि झोपताना दूध काढते अंगावर." त्याने खांद्यावरचा डाग दाखवला, पदक दाखवावं तसा. "तुला मी इतका का खुपतो रे?"

मी सांगितलं, आता नाही.

२ जून

फोटोंचं काम संपत आलं. या वेळी साध्या आणि प्रोटीन काढलेल्या, दोन्ही पेशी दोघांनी काढायच्या. बाई प्रत्येक फोटोच्या कडा कापतात, हवा तसा फिरवतात. आवरणाची रेष तेवढी माझ्यापर्यंत येते, कुठून तोडलेली कुणास ठाऊक. निम्मे फोटो बाई स्वतः मोजणार आहेत, माझ्याशी ताडून बघायला; त्यांना नवे आकडे टाकून लांबू पिसणार, म्हणजे बाईंनाही काही कळू नये. मीच त्यांना म्हटलं, मला काढून टाका आणि दुसरा कुणी ठेवा. त्या म्हणाल्या, "तुझा डोळा कुठे चुकतो ते आता आपल्याला माहीत आहे. नवीन माणसाचं मला शोधत बसावं लागेल."

पहिले काही दिवस मी प्रत्येक फोटोत तिला शोधायचो. सवय. मग ते सुटत गेलं. आता समोर फक्त एक वाकलेली रेष असते आणि प्रश्न एवढाच, तोंड अरुंद की पोट. इतकं शांत काम मी कधी केलं नव्हतं.

ती परत डबा देऊ लागली आहे. मागच्या आठवड्यात म्हणाली, "परीक्षा बाहेरून देता येते, माहितीय ना? फॉर्म मी भरणार नाही, तुझा तूच भर." मी म्हटलं बघू. तिने "बघू" असं माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं.

१४ ऑगस्ट

आज कुलूप उघडलं. या वेळी मी खोलीच्या शेवटी, दाराजवळ उभा होतो. बाई म्हणाल्या, "दारापासून लांब हो, मला भीती वाटते." सगळे हसले.

दोन खांब. एक बुटका. दुसरा त्याच्याहून उंच. दुप्पट वगैरे मुळीच नाही, पण उंच. बाईंनी मोजलेल्या निम्म्या फोटोंतही तितकाच.

ती पडद्याजवळ गेली, उंच खांबाच्या टोकावर बोट ठेवलं, आणि जिथे मार्चमध्ये टोक होतं तिथपर्यंत हवेत वर नेलं. "एवढी सूज होती," म्हणाली. "उतरली. हाड शाबूत आहे." आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे मला या वेळी नीट दिसलं. दुखलं, पण दिसलं.

मी म्हटलं, "अभिनंदन, ताई."

लांबूने माझ्याकडे पाहिलं. तिला काही विशेष वाटलं नाही. तिला सगळे ताईच म्हणतात.

३० ऑक्टोबर

परवा ती गेली. ती जागा नाही, पण तशीच दुसरी, तितकीच लांब. जाताना टेबल आवरून, खोकल्याच्या गोळ्यांची डबी माझ्या खणात ठेवून गेली. बाबांकडून तिने नवीन चष्मा करून घेतला होता. बाबांनी तिला दोन्ही तक्ते दाखवले. घरी येऊन म्हणाले, "मुलगी चांगली आहे. दिसत नाही तिथे दिसत नाही म्हणते." मग माझ्याकडे बघून, "तूही बरा आहेस." चष्मा पुसता पुसता म्हणाले, पण म्हणाले.

फॉर्म भरला. घरच्या ताईने त्या आनंदात माझ्या खोलीच्या दाराला तेल घातलं.

आज बाईंनी मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपवर बसवलं. लांबू शिकवायला शेजारी, एका डोळ्याने झोपत. काळा पडदा ओढला. अंधारातून हळूहळू पेशी वर आली, करडी, वाकडीतिकडी, कडेला एक गडू, तोंड जवळजवळ मिटलेलं. ती कोणत्या पेशींपैकी होती मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं मनातही आलं नाही. मी खुंटी फिरवून तिला किंचित डावीकडे घेतलं.

लांबू जागा झाला. "मधोमध घे की. ही उजवीकडे जागा कुणासाठी ठेवलीस?"

"डागासाठी," मी म्हटलं, आणि फोटो घेतला.